पोर्टमधून घरी औषध देताना

कर्करोगाच्या रुग्णाला महिनोन्महिने शिरेतून औषधे घ्यावी लागतात. हळूहळू हाताच्या शिरा कडक होतात आणि सुई टोचायला शीरच सापडेनाशी होते. यावर उपाय म्हणून १९८० नंतरच्या दशकात ‘पोर्ट’ हे साधन वापरात आले. आज रुग्णालयातून घरी आलेल्या रुग्णालाही परिचारिका घरी जाऊन पोर्टमधून औषध देते. म्हणून नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी व रुग्णाच्या नातेवाइकांनी या साधनाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

पोर्ट म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढी एक छोटी डबी. ती शस्त्रक्रिया करून बहुधा छातीच्या वरच्या भागात कातडीखाली बसवतात. डबीचे झाकण जाड सिलिकॉनचे असते व तिला जोडलेली बारीक नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. बाहेरून फक्त लहानसा उंचवटा दिसतो.

या झाकणात नेहमीची सुई कधीही टोचू नये. ती सिलिकॉनचा कण कापून काढते व पुढे तेथून औषध झिरपू लागते. ह्यूबर सुईचे टोक वेगळ्या घडणीचे असल्यामुळे ती काढल्यावर झाकणाचे छिद्र आपोआप मिटते.

प्रथम हात स्वच्छ धुवावेत व मास्क लावावा. उंचवट्याभोवती लाली, सूज वा वेदना आहे का, हे पाहावे. असल्यास सुई न टोचता डॉक्टरांना कळवावे. निर्जंतुक हातमोजे घालून क्लोरहेक्सिडीन व अल्कोहोलच्या द्रावणाने त्वचा निदान अर्धा मिनिट चोळावी व ती आपोआप वाळू द्यावी. फुंकर मारू नये. सुई व तिची नळी आधीच सलाईनने भरून घ्यावी. पोर्ट बोटांत घट्ट धरून सुई सरळ उभी, डबीचा तळ लागेपर्यंत घालावी.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. सिरिंज ओढून रक्त येते का, हे पाहावे. रक्त आले नाही, तर औषध सुरू करू नये. सुई बाहेर असेल किंवा नळी तुंबली असेल, तर औषध मांसात उतरते. कर्करोगाच्या काही औषधांनी तेथील मांस सडते. ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणणाऱ्याला हे नुकसान भरून देता येत नाही. रक्त आल्यावर दहा मिलिलिटर सलाईन थांबून थांबून सोडावे. त्यासाठी सिरिंज दहा मिलिलिटरचीच घ्यावी. लहान सिरिंजचा दाब अधिक असल्याने नळी फुटू शकते. सिरिंज काढण्यापूर्वी नळीची चिमटी बंद करावी, नाहीतर हवा आत जाते.

औषध चालू असताना जळजळ वा सूज जाणवल्यास ते तत्काळ थांबवावे. सलाईन सोडल्यावर थंडी वाजून ताप आला, तर जंतुसंसर्गाची शंका घेऊन रुग्णाला रुग्णालयात न्यावे. सुई जास्तीत जास्त सात दिवस ठेवावी. वापरलेली सुई टोपण न लावता जाड, न फुटणाऱ्या डब्यात टाकावी.

पोर्ट वापरात नसले तरी डॉक्टर सांगतील त्या मुदतीने ते धुऊन घ्यावे. हे सर्व काम प्रशिक्षित हातांचेच आहे. मात्र ‘सिस्टर, रक्त आले का?’ एवढे विचारणे घरातील कोणालाही जमेल आणि ते जरूर विचारावे.