साखळीच्या धंद्याचा हिशेब

कुदळवाडी-चिखली भागातील भंगाराची गोदामे व छोटी वर्कशॉप महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली. तेथील अनेक कारागिरांना नवा कारोबार शोधावा लागला. चाकणच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणाऱ्या पोरांचे तर नेहमीचेच. ठेका संपला की नोकरी संपली. साखळी पद्धतीने माल खपवणाऱ्यांची नजर नेमकी अशा माणसांवर असते. आमच्या एका भाच्यालाही बोलावणे आले. हॉटेलात सभा, सुटाबुटातली मंडळी, तीस हजारांचे घड्याळ घ्या, दोन माणसे जोडा, ती आणखी दोन-दोन जोडतील, मग घरबसल्या कमाई. "मामू, तुम्ही धंद्यातले. बघा जरा," म्हणाला.

अशा वेळी पोराला मूर्ख ठरवू नये. घरचे विरोध करणारच, हे त्याला सभेत आधीच पढवलेले असते. आम्ही फक्त कागद पुढे केला आणि आकडे त्यालाच लिहायला लावले.

एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. विसाव्या पायरीवर १०,४८,५७६ माणसे लागतात आणि वरची सगळी धरून बेरीज २०,९७,१५१ होते. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७,२७,६९२ होती. म्हणजे पाळण्यातली पोरे मोजली तरी शहर पुरत नाही! दुसरी गोष्ट अशी की, साखळी कोठेही थांबली तरी शेवटच्या रांगेतली माणसे वरच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असतात आणि त्यांच्याखाली कोणीच नसते. वरच्यांचे कमिशन त्यांच्याच खिशातून गेलेले असते.

आता आमच्या कापडाचे पाहा. भिवंडी-मालेगावचा माल ठोक व्यापाऱ्याकडून दुकानात येतो. मधल्या प्रत्येकाचा नफा शेवटी कपडा अंगावर घालणारा गिऱ्हाईक देतो, आणि त्याला दुकानदार व्हायचे नसते. म्हणून पारख सोपी आहे. सभासद न होता, केवळ वापरण्यासाठी, ते घड्याळ त्या किमतीला बाजारात कोणी घेईल काय? घेत नसेल, तर घड्याळ हे निमित्त. खरा माल म्हणजे आत येणारा पुढचा माणूस.

हे मुंबईत घडून गेले आहे. क्यूनेटविरुद्ध २०१३ मध्ये तेथील आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार झाली. घड्याळे, सहलींची पॅकेजे, काचेची 'बायो डिस्क' असा माल, आणि कमाई डाव्या-उजव्या बाजूला माणसे जोडण्यावर. २०१६ मध्ये हायकोर्टाने काही आरोपींना अटकपूर्व जामीन नाकारला, नंतर अटकाही झाल्या. कंपनीने आरोप नाकारले आहेत. त्याआधी २०११ मध्ये स्पीक एशिया गाजली. तेथे अकरा हजार भरून सर्वेक्षणाचे अर्ज भरायचे होते.

कायद्याची बाजू पोरांना कोणी सांगत नाही. १९७८ च्या प्राइज चिट व पैसे फिरवण्याच्या योजनांवरील बंदी कायद्यात योजना चालवणाराच नव्हे, तर सभासद होऊन भाग घेणाराही येतो; तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपला पोरगा ज्या शेजाऱ्याला, मेहुण्याला आत ओढेल, तो उद्या त्याच्याच दारात उभा राहील. थेट विक्रीचे २०२१ चे नियमही पिरॅमिड योजनांना मनाई करतात. खऱ्या कंपनीने आधी लेखी करार दिला पाहिजे आणि माघार घेण्यास मुदत दिली पाहिजे.

'हलाल नफा' हा शब्द ऐकून तपासणी थांबवू नये. व्याजमुक्त म्हणून पैसे गोळा करणाऱ्या हैदराबादच्या हीरा गोल्डच्या प्रमुखांना २०१८ मध्ये अटक झाली. बंगळूरची आयएमए २०१९ मध्ये बुडाली. दोन्हींत आपल्याच लोकांचे पैसे अडकले.

बोलावणाऱ्याला एक गोष्ट जरूर मागावी. लाखो कमावल्याचे तो सांगतो, तर आयकराचे विवरणपत्र दाखव म्हणावे. कमिशनवर टीडीएस कापला जातो, त्याची नोंद असतेच. बँकेच्या मेसेजचा फोटो हा काही हिशेब नव्हे. आमच्या भाच्याने मागितले, तेव्हा त्याला "आधी जोडला जा, मग दाखवू" असे उत्तर मिळाले.

पैसे भरून झाले असतील तर पावती, करार, व्हॉट्सअॅपचे निरोप जपावेत, माघारीचे पत्र लगेच लेखी द्यावे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. भरलेली रक्कम वसूल करण्यासाठी मात्र दुसऱ्या कोणाला आत घेऊ नये.