तांब्यावर चालणारा हात

१८०५ साली विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांनी, म्हणजे सुट्या अक्षरांच्या धातूच्या ठशांनी, छापलं गेलं. त्याच वर्षी मिरजेत भगवद्गीता छापली गेली, पण एकही खिळा न वापरता. तिची पानं तांब्याच्या पत्र्यांवर अख्खीच्या अख्खी कोरली होती, आणि कोरणारा होता एक तांबट.

हे काम पुण्यात सुरू झालं. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने आणि चित्रकार जेम्स वेल्सच्या हाताखाली शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिथे एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची नवी कला उचलली. नाना फडणवीसांनी गीता छापण्याचा बेत केला. १८०० साली नाना गेले, तेव्हा मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांनी त्या तांबटाला आपल्याकडे आश्रय दिला.

ही कला युरोपात त्याआधीच ज्यांनी शिखरावर नेली होती, त्यांत डच कोरीव-चित्रकार हेंड्रिक गोल्टझियस (१५५८–१६१७) अग्रगण्य. लहानपणी उजवा हात भाजून त्याची बोटं आखडली होती. हार्लेममध्ये बसून त्याच हाताने त्याने अशी रेघ कोरली, जी वळणावर फुगते, टोकाला निमुळती होते आणि सपाट कागदावर अंगाचा गोलवा उभा करते. १५८८ साली त्याने आपल्या त्या हाताचंच चित्र काढलं.

कोरणीने पत्र्यात चर पाडायचे, तेही उलटे, म्हणजे छाप सुलट येतो. शाई फासून पत्रा पुसायचा. शाई चरांतच उरते. मग ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढायचा. चुकलेलं अक्षर खिळ्यासारखं बदलता येत नाही. गीतेचे सातशे श्लोक असे उलटे कोरायला किती धीर लागला असेल!

तो धीर खानदेशातही घरोघरच्या जुन्या भांड्यांवर दिसतो. दोंडाईच्याच्या बाजारात तांब्या-पितळेचं भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घेतात. पूर्वी ते छिन्नी-हातोडीने, ठिपक्याला ठिपका जोडत घालत. आता विजेचं यंत्र आलं. आपला मुद्रणाचा इतिहास खिळ्यांपासून सांगितला जातो, पण त्याचं एक मूळ या धातू कोरणाऱ्या हातांत आहे.

म्हणून घरातलं जुनं भांडं मोडीत घालण्याआधी त्यावरचं नाव, गाव, साल वाचा आणि लिहून ठेवा. हाताने नाव घालणारा कारागीर गावात अजून असेल, तर पुढचं भांडं त्याच्याकडूनच कोरून घ्या.