मोजणीबाहेरचा रविवार

जबलपूरच्या रांझी किंवा आधारताल या वस्त्यांतून रविवारी सकाळी भेडाघाटाकडे निघणाऱ्या कुटुंबाला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या व्याख्येत स्थान नाही. देशांतर्गत पर्यटक म्हणजे आपले नेहमीचे वास्तव्य सोडून दुसरीकडे गेलेला आणि तेथे हॉटेल, धर्मशाळा, सराई अशा निवासस्थानी किमान एक रात्र राहिलेला माणूस, असे ही व्याख्या सांगते. सकाळी डबा बांधून निघालेले आणि रात्री आपल्याच घरी झोपणारे कुटुंब तीत बसत नाही. त्यांच्याकडे चार दिवसांसाठी गोंदियाहून आलेले काका-काकूही बसत नाहीत, कारण त्यांचा मुक्काम नात्यात आहे. आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्राने अशा लोकांना 'एकदिवसीय अभ्यागत' असे वेगळे नाव दिले आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीनेही मधूनमधून एकदिवसीय सहलींची नोंद घेतली आहे. परंतु पर्यटन धोरणाची चर्चा होते ती खोल्या, मुक्कामाच्या रात्री आणि परदेशी पाहुणे यांच्या भाषेत.

जबलपूर हे याचे उत्तम उदाहरण ठरावे. हे कारखान्यांचे शहर आहे. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ पासून आहे. खमरियाचा दारूगोळा आणि लष्करी वाहनांचा कारखाना नंतर आले. आयुध निर्माणी मंडळ २०२१ मध्ये विसर्जित होऊन त्याच्या कंपन्या झाल्या, तरी आठवड्याच्या सुट्टीचे महत्त्व कमी झालेले नाही. मराठी वाचकाला हे शहर परके वाटू नये. १७९८ पासून १८१७ पर्यंत ते नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या राजवटीत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रशासनाची दोन टोके होती. आणि १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेबरोबर उच्च न्यायालय नागपुराहून जबलपुरास गेले. गोंदिया-जबलपूर हा सातपुड्यातला अरुंद रेल्वेमार्ग अलीकडे रुंद झाल्याने पूर्व विदर्भातील नातेवाइकांना जबलपूर पुन्हा जवळ आले आहे.

तर हे कुटुंब निघते. भेडाघाट शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. वाटेत तेवर गाव लागते. हीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. १९३९ च्या मार्चमध्ये काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले आणि तापाने फणफणलेले सुभाषचंद्र बोस स्ट्रेचरवरून तेथे आले. या रस्त्याने जाणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही. पुढे टेकडीवर दहाव्या शतकातील चौसष्ट योगिनींचे गोलाकार मंदिर आहे. त्याच्या शंभराहून अधिक पायऱ्या चढणे आजींना जमत नाही, तेव्हा घरातील एक सून त्यांच्यासोबत खाली थांबते. अशा सहलीत कोणी काय पाहिले याचा हिशेब मांडला, तर सर्वांत कमी पाहिलेली व्यक्ती बहुधा हीच सून निघेल.

धुवांधारला मात्र सगळे पोहोचतात. नर्मदा तेथे अरुंद खडकांत शिरून कोसळते आणि तुषारांचा धूर उठतो. पुढे सुमारे तीन किलोमीटर ती संगमरवरी कड्यांमधून संथ वाहते. येथे नावा वल्ह्यांच्या आहेत, आणि नावाडी वल्हवताना जे यमकबद्ध, खट्याळ वर्णन करीत जातात, तो खरे तर या सहलीचा सर्वांत आनंदाचा भाग होय. कोणता कडा हत्तीसारखा, कोठे 'जिस देश में गंगा बहती है'चे चित्रण झाले, 'अशोका'च्या वेळी नाव कोठे उभी होती, बंदरकुदनी येथे दोन्ही काठ इतके जवळ कसे की पूर्वी म्हणे माकडे या तीरावरून त्या तीरावर उड्या मारीत. एवढे मनोरंजन एका नावेच्या भाड्यात मिळते. पावसाळ्यात नदी चढली की नौकाविहार बंद होतो आणि नावाड्यांची कमाईही थांबते. काठावर मऊ दगडातून गणपती आणि शिवलिंगे कोरणाऱ्या कारागिरांचेही तेच. पर्यटनाच्या वार्षिक आकड्यांत ही माणसे 'रोजगारनिर्मिती' या शब्दाआड लपलेली असतात. त्यांच्या रोजगाराला चार महिन्यांचे छिद्र आहे, हे त्या शब्दावरून कळत नाही.

आता गैरसोयींकडे वळू. भेडाघाटला स्वतःची नगर परिषद आहे, लहानशा वस्तीची. शेजारच्या मोठ्या शहराचा रविवार तिच्या अंगणात साजरा होतो. कचरा तिने उचलायचा, शौचालये तिने धुवायची, वाहने उभी करायला जागा तिने शोधायची. महापालिका कर घेते त्या नागरिकांकडून, आणि हेच नागरिक सुट्टीच्या दिवशी सेवा मागतात दुसऱ्याच संस्थेकडे. वित्त आयोग आणि राज्यांची अनुदानसूत्रे मुख्यतः लोकसंख्या आणि क्षेत्रफळ पाहतात. सुट्टीच्या दिवशी कित्येक पटींनी फुगणारी वस्ती त्या सूत्रांना दिसत नाही. परिणाम फार साधा असतो. घरातील बायका सकाळपासून पाणी कमी पितात. सहलीचे नियोजन करणाऱ्या पुरुषांना हे बहुधा ठाऊकही नसते, आणि धोरण आखणाऱ्यांना तर नसतेच.

दुसरी बाब सुरक्षिततेची, आणि ती अधिक गंभीर आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शालेय सहलीची नाव उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक मुले होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. त्याच वर्षी ३० जूनला, रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला, तोही रविवारच, मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळून चार जण मृत्युमुखी पडले. घरातून निघताना यांतील प्रत्येकाचा बेत संध्याकाळपर्यंत परतण्याचा होता.

नियमच नव्हते असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नौकासुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ मध्ये काढली. १९१७ चा जुना कायदा मोडीत काढून संसदेने २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा केला, आणि त्यात यंत्राविना चालणाऱ्या नावांसाठी स्वतंत्र प्रकरण घालून त्यांच्या नोंदणीचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची वाट मोकळी केली. म्हणजे फिरून पुन्हा तीच छोटी नगर परिषद आली. नाव तपासणारा माणूस, भरलेल्या नावेला किती माणसे चालतील हे ठरविणारी रेषा, जाकिटांचा साठा आणि 'जाकीट नसेल तर नाव सुटणार नाही' असे रविवारच्या दुपारी ठणकावण्याचा अधिकार, यासाठी पैसा कोठून येणार हे कायद्याने सांगितलेले नाही. दुर्घटनेनंतर जिल्हाधिकारी मनाई हुकूम काढतात, कारण तेवढेच विनाखर्च करता येते. बंदीचा भार मग नावाड्यावर पडतो आणि कुटुंब अधिक धोक्याच्या, विनापहाऱ्याच्या काठावर जाते.

जबलपूरचे आणखी एक ठिकाण बरगीचे. नर्मदेवरील मोठ्या धरणांपैकी पूर्ण झालेले हे पहिले. १९९० मध्ये जलाशय भरला आणि जबलपूर, मंडला व सिवनी या जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ बसली. राज्य पर्यटन महामंडळाचे निवासस्थान त्याच पाण्याच्या काठावर आहे. या गावांतून उठलेली कित्येक माणसे जबलपुरात येऊन सायकलरिक्षा ओढू लागली, झोपड्यांत राहू लागली; काहींनी जलाशयातील मासेमारीचा हक्क संघटित होऊन मिळवला. त्यांच्यासाठी त्या पाण्यावरची सहल ही काय वस्तू असेल, याचा विचार निदान तेथील माहितीफलकावर तरी व्हावा.

२०२१ मध्ये भेडाघाट-लमेटाघाटचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. त्याच खेपेत मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचेही नाव होते. ते किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरले. लमेटाच्या खडकांचा मान खराच मोठा आहे. १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना जबलपुरात डायनोसॉरची हाडे सापडली, भारतातील पहिल्या काही शोधांपैकी तो एक. पण वारशाचा शिक्का आला की व्यवस्थापन आराखडा येतो, आराखड्याबरोबर तिकिटे, ठेकेदार आणि फेरीवाले हटविण्याची मोहीम येते. शिवनेरी-रायगडाच्या पायथ्याशी झुणका-भाकर विकणाऱ्या बाईला आणि भेडाघाटच्या नावाड्याला त्या आराखड्याच्या बैठकीत खुर्ची मिळणार का, हा प्रश्न दोन्ही राज्यांत आताच विचारायला हवा. प्रवेशशुल्क वाढले, तर मुक्कामी पर्यटक कुरकुरत का होईना ते भरील. पाच-सहा माणसांचे कारखाना-कामगाराचे कुटुंब मात्र घरी बसेल, आणि त्याचे न येणे कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही, कारण त्याचे येणेही दिसत नव्हते.

उपाय फार खर्चिक नाहीत. प्रवेश आणि वाहनतळाच्या पावत्यांवरून एकदिवसीय अभ्यागतांची मोजणी ठेवता येईल आणि भेडाघाटसारख्या यजमान नगर परिषदांच्या अनुदानात ती संख्या धरता येईल. शेजारच्या महापालिकेच्या उत्पन्नातील लहानसा वाटा त्यांना द्यावा, याला तर कायद्यापेक्षा राजकीय मनाचीच गरज अधिक. नावाड्यांची सहकारी संस्था, पावसाळ्यातील निर्वाहभत्ता आणि नावेची वार्षिक तपासणी ही एकत्र बांधता येतील. आणि रविवारी शहर बसच्या फेऱ्या उशिरापर्यंत ठेवाव्यात, कारण दिवसाचा शेवट बहुतेक कुटुंबे ग्वारीघाटावरच करतात. नर्मदेची सायंआरती पाहण्यास तेथे पैसे पडत नाहीत, आजींना पायऱ्यांवर बसायला जागा मिळते आणि मुले द्रोणातले दिवे पाण्यावर सोडतात. आरती संपते तेव्हा परतीची बस मिळवण्याची घाई सुरू होते, आणि ती चुकली तर रिक्षावाला मागेल ते भाडे द्यावे लागते.