जुनी पद्मिनी घ्यायचीय? रिस्टोर करावी की ओरिजिनल शोधावी?

चकाचक प्रीमियर पद्मिनीची रील दिसली की बऱ्याच जणांच्या मनात येतं, आपणही एक घेऊ या. मग दोन रस्ते समोर येतात. एक, स्वस्तात पडीक गाडी घेऊन ती रिस्टोर करायची. दुसरा, कंपनीतून निघाली तशीच जपलेली गाडी जास्त पैसे मोजून घ्यायची. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे मला हा प्रश्न डेटाचा वाटतो. कसा, ते बघू.

आधी गाडीची ओळख

ही गाडी मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात बनायची. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाईट आली, १९७२ मध्ये तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, कार्बुरेटर आणि स्टिअरिंगजवळचा हँड गिअर. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती घराघरात पोचली. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली.

रिस्टोरेशन म्हणजे फॅक्टरी रीसेट

फोन फॅक्टरी रीसेट केला की नव्यासारखा चालतो. पण बॅकअप घेतला नसेल तर फोटो गेले ते गेलेच. गाडीचंही तसंच आहे. कंपनीचा मूळ रंग, पत्र्याच्या जोडावरचे वेल्डिंगचे ठिपके, सीटचं कापड, काचांवरचे शिक्के हा सगळा गाडीचा डेटा. खरवडून नवा रंग मारला की गाडी देखणी होते, पण हा डेटा पुसला जातो. रिस्टोरेशन आज नाही तर दहा वर्षांनी करता येईल. ओरिजिनलपणा मात्र एकदा गेला की परत आणता येत नाही. जास्त पैसे मागतात ते यासाठीच.

खर्च कुठे वाढतो?

बहुतेकांना इंजिनची भीती वाटते. खरं तर इंजिन साधं आहे, त्यात इलेक्ट्रॉनिक्स नाही. खरा खर्च पत्र्यात आहे. पद्मिनीची बॉडी मोनोकॉक, म्हणजे ट्रकसारखी खाली वेगळी चौकट नाही. बॉडी हीच गाडीचा सांगाडा. त्यामुळे फ्लोअर किंवा दाराखालची पट्टी गंजली तर फक्त दिसणं बिघडत नाही, गाडीची ताकद जाते. आणि किती गंजलंय ते रंग उतरवल्यावरच कळतं. जुन्या कोडमधला एक बग काढायला जावं आणि आत आणखी दहा सापडावेत, तसं. म्हणून सुरुवातीला सांगितलेला आकडा क्वचितच टिकतो.

कागद काय म्हणतात?

• खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर दर ५ वर्षांनी गाडी तपासून ती वाढवून घ्यावी लागते.
• मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल मनाने करता येत नाही. रिस्टोर करताना दुसरं इंजिन बसवलं असेल तर आरसीवर त्याची नोंद हवीच.
• २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल नकोत. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली आणि प्रदर्शनांसाठीच चालवता येते.

बघायला जाताना

१. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, इंधन आणि मुदत तपासा. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद ऑनलाइन झालेली नसेल तर गाडी ॲपमध्ये दिसणारच नाही. ते काम आधीच्या मालकाकडूनच करून घ्या.
२. इंजिन आणि चासी नंबरचे फोटो काढा आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा. आकडे घासलेले दिसले तर सरळ परत फिरा.
३. फ्रीजवरचं छोटं चुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे ते नीट चिकटत नाही तिथे रंगाखाली जाड पुट्टी भरलेली असू शकते.
४. मॅट उचलून टॉर्चने फ्लोअर बघा. समुद्राकाठच्या गाडीत तर नक्कीच.
५. 'फुल रिस्टोर्ड' म्हणत असतील तर काम चालू असतानाचे फोटो मागा. फोटो नसतील तर फक्त रंगकामाचेच पैसे धरा.

ओरिजिनल म्हणजे काहीच बदलायचं नाही?

असं नाही. ब्रेकचे पाइप, पेट्रोलची नळी आणि टायर बदलायलाच हवेत. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने खराब होतं. गळक्या नळीमुळे आग लागू शकते. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. खाच चांगली दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं. काढलेले जुने भाग मात्र टाकू नका, डब्यात ठेवा.

मग काय घ्यावं?

पत्रा धड, नंबर जुळणारे आणि रंग थोडा उडालेला अशी गाडी मिळाली तर तीच घ्या आणि रंगाला हात लावू नका. घरातलीच आजोबांची गाडी पडून असेल तर जरूर रिस्टोर करा, कारण ती दुसरीकडे विकत मिळणार नाही. पण पहिला पाना लावायच्या आधी प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढा आणि क्लाउडवर ठेवा. रीसेटच्या आधी बॅकअप, एवढं तर आपण फोनसाठीही करतो.