आधी डोळा, मग हात

“माझा हात चित्रकलेला वळत नाही,” अशी तक्रार आपल्यापैकी पुष्कळजण करतात. माझीही होती, माझा तांब्या नेहमी कलंडलेलाच दिसे. वस्तुतः आधी वळवावा लागतो तो डोळा.

पट्टी व खोडरबर दूर ठेवून, खांद्यापासून हात हलवीत रोज दहा मिनिटे रेषा काढाव्यात. मग तांब्या घ्यावा. प्रथम उभी मध्यरेषा काढून दोन्ही बाजू जुळवाव्यात. डोळ्यांच्या पातळीवर त्याचे तोंड सरळ रेषेसारखे दिसते. तांब्या खाली ठेवताच तेच लंबवर्तुळ होते. साखरखेर्ड्यातील एखादा कडुनिंब काढताना फांद्यांमधील आकाशाचे आकार पाहावेत. शेवटी वस्तू झाकून स्मरणाने रेखाटावी व पडताळावी.

१८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. तेथेही आधी निरखणे, मग रेखाटणे हाच क्रम होता. आपल्याला तर घरचा तांब्याही पुरे!