आधी माप, मग मासा

गुजरातेतल्या डभोईहून समुद्राकडे निघालं तर गाठ पडते खंभातच्या आखाताशी. तिथलं पाणी गाळानं भरलेलं, भरती-ओहोटी जबरदस्त. प्रवाळात राहणाऱ्या क्लाउनफिशला ते मानवणारं नाही. त्यामुळे डभोईत हा नारिंगी-पांढरा मासा पाळायचा तर समुद्र घरीच कालवावा लागतो. बोअरचं पाणी चालत नाही, आरओचं घ्यायचं आणि त्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार येतील इतकं तयार समुद्री मीठ विरघळवायचं. मे महिन्यात बाहेर चाळीस अंश असले तरी टाकी 25 ते 27 अंशांवर राखायची. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर मात्र गोड्या पाण्याची.

एवढ्या यातायातीनंतर एक मासा स्थिरावतो, चांगला अंग धरतो आणि मग मालकाला वाटायला लागतं, बिचारा एकटा पडलाय, याला जोडी आणू. खरी अडचण इथे सुरू होते. दुसरा मासा पाण्यात सोडल्यावर तासाभरात त्याच्या शेपटीच्या चिंध्या झालेल्या दिसू शकतात. दुकानदार म्हणतो, ‘दोन-तीन दिवस भांडतील, मग जमेल.’ कधी जमतंही. पण कधी जमतं आणि कधी नाही, याचं उत्तर माशांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या लांबीत आहे.

निसर्गात क्लाउनफिश समुद्रपुष्पाच्या, म्हणजे ॲनिमोनच्या, डंख मारणाऱ्या शुंडकांत राहतात. एका समुद्रपुष्पात मोजकेच मासे मावतात आणि त्यांची उतरंड पक्की असते. सर्वांत मोठी मादी, तिच्याखालोखाल नर, त्याखाली एकापेक्षा एक लहान अशी प्रजनन न करणारी मंडळी. ही तिची पिल्लं असावीत असं बघणाऱ्याला वाटतं, पण ते खरं नाही. अंड्यातून निघालेली पिल्लं दहा-बारा दिवस प्रवाहाबरोबर भटकतात आणि कुठल्या तरी परक्या घरी येऊन टेकतात. म्हणजे एका घरात राहणारे सगळे सहसा एकमेकांना उपरेच.

मादी मेली की नराचं रूपांतर मादीत होतं आणि तिसऱ्या क्रमांकाचा मासा नर होतो. हान्स आणि सिमोने फ्रिके या संशोधकांनी 1977 मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं. माणसांतही असं घडतं: 1 एप्रिल 1731 रोजी याच डभोईच्या लढाईत मराठ्यांचे सेनापती त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि त्यांच्या हाताखालच्या गायकवाडांचं गुजरातेत वजन वाढलं. माशांत वरची जागा अशीच रिकामी होते, फक्त वर सरकणाऱ्याला सगळं शरीरच बदलावं लागतं. तेही एका रात्रीत होत नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या जस्टिन ऱ्होड्स यांच्या गटाला 2019 मध्ये आढळलं, की आधी मेंदू मादीसारखा होतो. अंडाशय पुष्कळ मागून येतो.

जोडी कधी जमते या आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचं काम मात्र संशोधक पीटर बस्टन यांचं. पापुआ न्यू गिनीतल्या पर्क्युला क्लाउनफिशची त्यांनी मोजमापं घेतली. 2003 मध्ये त्यांनी दाखवलं, की प्रत्येक मासा आपल्या वरच्याच्या साधारण 80 टक्के लांबीचा राहतो. वरचा जागेवर आहे तोवर खालचा आपली वाढ आवरून धरतो. वरचा गेला की हा वाढतो. अंतर कमी झालं तर वरच्याला तो दावेदार वाटतो आणि घराबाहेर हाकलला जातो. समुद्रपुष्पाबाहेर पडलेला लहान मासा म्हणजे कुणाचं तरी जेवण. लहान राहणं ही इथे जगण्याची युक्ती आहे, आणि मला तरी ती भांडणापेक्षा जास्त हुशारीची वाटते.

टाकीत हाकलून द्यायला बाहेर नावाची जागाच नसते. म्हणून तिथला मार जीवघेणा ठरतो.

समोरचा आपल्याच जातीचा आहे हे माशाला कळतं कसं? ओकिनावातल्या किना हायाशी आणि सहकाऱ्यांनी 2024 मध्ये याचा छडा लावला. अंड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या, तीन पांढरे पट्टे असलेल्या ऑसेलॅरिस माशांसमोर त्यांनी वेगवेगळे मासे आणि रंगवलेल्या प्लास्टिकच्या चकत्या धरल्या. सर्वाधिक हल्ले झाले ते तीन पट्टेवाल्यांवर. पट्टे कमी झाले तसा रागही उतरला. म्हणजे जोडीदार म्हणून आपण ज्याला निवडतो, त्या सारख्या दिसणाऱ्या माशालाच घरमालक सर्वांत आधी शत्रू मानतो. यावर दुसऱ्या जातीचा क्लाउनफिश आणावा असा सल्ला मिळतो, पण घरगुती टाकीच्या जागेत त्यांचंही क्वचितच पटतं.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी काचेला पट्टी लावून जुन्या माशाची लांबी मोजावी. तो आठ सेंटिमीटरचा असेल तर नवा चार-पाचाहून मोठा नको. बराच काळ एकटा राहिलेला मोठा मासा हाच वरिष्ठ, असं धरून चालावं. नवा अगदी कोवळा हवा, अजून ना नर ना मादी, म्हणजे खालची जागा तो मुकाट घेतो. टाकीत आधीच जोडी जमलेली असेल तर तिसरा आणूच नये.

मुंबईहून रेल्वेनं वडोदरा आणि पुढे रस्त्यानं डभोई, एवढ्या प्रवासात पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साठतो. पिशवी बंद असताना विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पाण्याची आम्लता घटते आणि तोच अमोनिया जहर बनतो. म्हणून लांबून आलेल्या माशावर तास-दोन तास थेंबथेंब पाणी सोडत बसू नये. वेगळ्या टाकीचं पाणी पिशवीतल्या खारटपणाशी आधीच जुळवून ठेवावं आणि मासा लगेच त्यात घ्यावा. पांढऱ्या ठिपक्यांचा किंवा त्वचेचा रोग असेल तर तो काही आठवड्यांत तिथेच उघडा पडतो.

मुख्य टाकीत सोडण्याआधी दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्याचा हद्दीवरचा हक्क ढिला पडतो. नव्याला काही दिवस जाळीच्या डब्यात ठेवून दोघांना नुसतं एकमेकांना बघू द्यावं आणि दिवे मालवल्यावर सोडावं. मोठा धावून येईल, जबडे आपटून टकटक आवाजही करेल. छोटा अंग एका कुशीवर कलवून थरथरला तर मालकानं घाबरू नये. ‘तू मोठा, मी लहान’ हे सांगायची त्यांची हीच रीत, आणि सोयरीक बहुधा त्या थरथरीनंतरच जमते. पंख फाटत असतील, छोटा पृष्ठभागाशी कोपऱ्यात धापा टाकत असेल, खात नसेल, तर मात्र आणखी एक दिवस वाट न बघता बाहेर काढावा.

समुद्रपुष्प आणायचा मोह या काळात टाळलेला बरा. घरात वाढलेल्या क्लाउनफिशचं त्यावाचून काही अडत नाही आणि भांडायला आणखी एक जागा मात्र तयार होते. दगडासारखे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, ते विकत घेऊच नयेत. मासाही समुद्रातून पकडलेला न घेता हॅचरीतला मागावा. क्लाउनफिशची पैदास भारतात आता नवी राहिलेली नाही. नवी मुंबईत ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनची शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी आहे.

जोडी जमली तर पुढे ती दगडावर अंडी घालते. राखण बहुतेक नरच करतो आणि आठवडाभरात पिल्लं बाहेर पडतात. क्लाउनफिश पुष्कळ वर्षं जगतो, पर्क्युलाचं आयुष्य तर तीस वर्षांपर्यंत जाऊ शकतं असा बस्टन यांचा अंदाज आहे. कधीतरी मोठी मादी मरेल, चार सेंटिमीटरचा म्हणून आणलेला मासा टाकीतली मादी होईल, आणि पुढच्या खरेदीला जाताना पट्टी त्याला लावावी लागेल.