जुनी गाडी, हलकं स्टिअरिंग

केम म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी कुंकू आठवतं. करमाळा तालुक्यातल्या या गावात बनणारं कुंकू लांबलांबच्या बाजारांत जातं, आणि दौंड-सोलापूर मार्गावर जेऊर सोडलं की केमची पाटी दिसते. या पट्ट्यात काही घरांनी जुन्या गाड्या जिवापाड जपल्या आहेत. कुठे वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी, कुठे आजोबांच्या काळातली महिंद्रा जीप. इंजिन ठणठणीत असतं, पत्रा सांभाळलेला असतो. पण चालवणाऱ्याचे खांदे आता साठीचे झालेले असतात. पळत्या गाडीत काही वाटत नाही. बाजाराच्या दिवशी गल्लीत गाडी मागेपुढे करायची वेळ आली की दोन्ही हातांनी चाक ओढावं लागतं आणि गाडी शेडमध्येच राहू लागते.

जुन्या गाडीला पॉवर स्टिअरिंग बसवता येतं. माझ्या मते बसवावंही, कारण उभ्या गाडीपेक्षा चालणारी गाडी जास्त टिकते. पण दोन अटी पाळाव्यात. चाक जड का जातं हे आधी शोधायचं. आणि जे काही बसवायचं ते उद्या काढून गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येईल अशा बेतानं बसवायचं.

सोलापूरशी असलेलं नातं

पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापुरात झाला. कंपनी 1944 ची, कारखाना कुर्ल्याचा. सुरुवातीला तिथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या जात. याच क्रायस्लरने 1951 मध्ये आपल्या इम्पिरियल गाडीत पॉवर स्टिअरिंग देऊन ते पहिल्यांदा सर्वसामान्य विक्रीत आणलं. मूळ कल्पना त्याआधीची: फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी अभियंत्याने 1926 मध्येच तेलाच्या दाबावर चालणारी रचना गाडीवर बसवून दाखवली होती. कुर्ल्यात मात्र पुढे इटलीच्या फियाटची छोटी गाडी रुजली. 1964 पासून ती फियाट 1100 डिलाइट म्हणून आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. नऊशे किलोंच्या आतबाहेरची ही गाडी. एवढ्या हलक्या गाडीला मदतीच्या स्टिअरिंगची गरज आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही, आणि कारखान्यातून नव्या निघालेल्या गाडीपुरतं ते बरोबरही होतं.

आधी रोग शोधा

जुन्या गाडीचं स्टिअरिंग नवी असतानाच्या मानाने कितीतरी जड झालेलं असतं, आणि हा वाढलेला जडपणा बहुतेक वेळा दुरुस्त होण्यासारखा असतो. तपासणी सोपी आहे. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, खाली घोडे लावा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. चाकं हवेत असतानाही ते घट्ट जात असेल, तर दोष सांध्यांत किंवा स्टिअरिंग बॉक्समध्ये आहे. हवेत सहज फिरत असेल, तर ओझं टायर आणि जमिनीच्या घर्षणाचं आहे.

दोष आत आहे असं दिसलं तर बॉक्सला जोडलेला दांडा सोडवा आणि पुन्हा फिरवून बघा. आता हलकं गेलं तर बॉक्स निर्दोष आहे, अडचण किंगपिनकडे, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिकडे. तरीही घट्टच राहिलं तर बॉक्स उघडावा लागेल.

पद्मिनीच्या किंगपिनला ग्रीसचे निप्पल असतात. आपल्याकडची मुरमाड धूळ आणि वर्षानुवर्षांचं वाळलेलं ग्रीस मिळून आतले मार्ग बंद होतात. ग्रीसगन लावल्यावर किंगपिनच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून जुनं काळं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. एकाच बाजूने येत असेल तर दुसरा बुश कोरडाच फिरतो आहे. अशा वेळी चाक जमिनीवरून उचलून पुन्हा ग्रीस भरायचं. तरीही मार्ग उघडला नाही, तर किंगपिन काढून बुश बदलायचे. एवढ्या एका कामाने अनेक पद्मिनींचं स्टिअरिंग ओळखू येणार नाही इतकं हलकं होतं.

बॉक्सच्या बाबतीत एक वाईट सवय सर्रास दिसते. सील गळायला लागलं की गिअर ऑइलऐवजी आत ग्रीस कोंबतात. गळती थांबते, पण दात फिरताना ग्रीस बाजूला सरतं आणि तेलासारखं परत दातांवर येत नाही. मग दात कोरडे घासतात. दुसरी सवय बॉक्स आवळण्याची. स्टिअरिंगचा बहुतेक वेळ सरळ रस्त्यावर जातो, म्हणून दात मधल्या भागात जास्त झिजतात. तिथला प्ले घालवण्यासाठी स्क्रू आवळला की मध्ये बरं वाटतं, पण पूर्ण वळणावर, जिथे दात झिजलेलेच नसतात, तिथे चाक अडकतं. असा झिजलेला बॉक्स बदलायलाच हवा.

टायरचाही मोठा वाटा असतो. दिसायला भरदार म्हणून रुंद टायर आणि बाहेर काढलेल्या रिमा घातल्या, तर उभ्या गाडीत चाक वळवायला दुप्पट जोर लागू शकतो. आधी कंपनीने सांगितलेल्या मापाचा टायर लावा, त्यात नेमकी हवा भरा, अलाइनमेंट करा, आणि मग पॉवरचा विचार करा. हा क्रम मी आग्रहाने सांगतो. ढिल्या सांध्यांवर पॉवर बसवली तर दोष बरा होत नाही, फक्त हाताला कळेनासा होतो. टायरॉड एंड सुटण्याच्या बेताला आला की जुनी गाडी चाकातून तशी सूचना देते. मदतीच्या जोरात ती सूचना दबून जाते.

तेल की वीज

पॉवर स्टिअरिंगचे मुख्य प्रकार दोन. तेलाच्या प्रकारात इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरतो, तेल दाबाखाली स्टिअरिंग बॉक्समध्ये जातं आणि आपण चाक वळवू त्या बाजूला पिस्टन ढकलतं. हा दाब सत्तर-ऐंशी बारच्या पुढेही जातो, म्हणून साधा रबरी पाइप चालत नाही. ट्रक-ट्रॅक्टरसाठी असे बॉक्स आपल्याकडेच बनतात: पुणे जिल्ह्यात, संभाजी महाराजांच्या समाधीमुळे आपल्याला माहीत असलेल्या वढू बुद्रुकला झेडएफ स्टिअरिंग गिअर या कंपनीचा कारखाना आहे.

विजेच्या प्रकारात स्टिअरिंगच्या दांड्यावरच मोटर असते. दांड्याच्या मध्ये पीळ घेणारी एक बारीक सळई बसवलेली असते. आपण किती जोर लावतोय हे तिच्या पिळावरून सेन्सरला कळतं आणि तेवढ्या मापात मोटर हातभार लावते. सुझुकीने 1988 मध्ये सर्व्हो या छोट्या गाडीत हा प्रकार आणला. पुढे तो आपल्या छोट्या मारुती गाड्यांत आला, म्हणून भंगारात त्याचे कॉलम सहज मिळतात. वीज गेली तरी चाकांशी दांड्याची जोड कायम राहते. गाडी वळते, फक्त जोर आपला लावावा लागतो.

पद्मिनीला काय जमतं

तेलाचा पंप पद्मिनीला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. 1089 सीसीचं, चाळीसेक अश्वशक्तीचं इंजिन. त्यावर पंपाचा भार टाकायचा, बॉनेटखाली पाइप फिरवायचे, ब्रॅकेटसाठी भोकं पाडायची, एवढं करून मिळणारा फायदा लहानच असतो. पद्मिनीला विजेचा कॉलम हाच मार्ग.

त्यातही अडचण आहे. बहुतेक पद्मिनींचा गिअरचा दांडा स्टिअरिंग कॉलमवरच असतो, आणि मोटरचा ठोकळा नेमका त्याच जागेत घुसतो. शेवटच्या काळातल्या, जमिनीवर गिअर असलेल्या एस-वन मॉडेलमध्ये हे काम सोपं पडतं. कॉलमवर गिअर असलेल्या गाडीत मोटर कॉलमच्या खालच्या टोकाला, पेडलांच्या वर, बसते का ते मोजूनच ठरवावं. बसत नसेल तर गिअर जमिनीवर नेण्याचा खटाटोप करू नये. कॉलमवरचा गिअर हा त्या गाडीचा स्वभाव आहे.

दांडा जोडताना एक गोष्ट कधीही करू नये: दोन तुकडे टोकाला टोक लावून वेल्डिंग करणं. सांधा खाचांच्या कपलिंगने आणि आरपार बोल्टने जोडायचा. कुशल लेथवाल्याकडून असं कपलिंग करून घेता येतं. मोटरचा ठोकळा डॅशबोर्डमागच्या मजबूत पट्टीला घट्ट बांधावा लागतो. नाहीतर मोटर दांड्याऐवजी स्वतःलाच फिरवू पाहते.

आता विजेचं गणित. गाडी जागच्या जागी वळवताना मोटर काही क्षण तीस-चाळीस अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढते. नेमक्या त्याच वेळी इंजिन आयडलवर असतं, आणि जुना डायनॅमो आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही. म्हणून डायनॅमोच्या गाडीत आधी अल्टरनेटर बसवायचा. मोटरला बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार आणि तिचा स्वतःचा फ्यूज द्यायचा. जुन्या वायरिंगमधून जोडणी काढली तर वायरिंग जळेल. कंट्रोलरला गाडीचा वेग आणि इंजिन सुरू असल्याची खूणही लागते. वेगाची खूण मिळाली नाही तर काही कंट्रोलर ठरावीक मापाची मदत देत राहतात, काही मदत बंदच करतात. युरोपात क्लासिक गाड्यांसाठी जे तयार किट मिळतात, त्यांत मदत कमी-जास्त करायचं एक छोटं बटण असतं. मदत हवी त्यापेक्षा थोडी कमीच ठेवावी. मोठ्या रस्त्यावर वेगात असताना हातात वजन लागलंच पाहिजे.

जीपचं गणित वेगळं

महिंद्राने मुंबईत विलीज जीप जुळवायला 1947 मध्ये सुरुवात केली, आणि सीजे-थ्रीबी हे मॉडेल आपल्याकडे कित्येक दशकं चाललं. तिच्या पुढच्या क्रॉसमेंबरवर बेल क्रँक नावाचा एक तुकडा असतो. स्टिअरिंग बॉक्सचा पुढे-मागे होणारा धक्का तो आडवा करून चाकांकडे पाठवतो. त्याचा बुश झिजला की चाक चार बोटं फिरेपर्यंत गाडीला पत्ताच लागत नाही. जीपचं स्टिअरिंग वाईट असतं असं म्हणणाऱ्यांनी आधी हा बुश बदलून बघावा. दुसरी तपासणी किंगपिनच्या बेअरिंगखालच्या शिमची. शिम कमी पडल्या की नकल आवळला जातो. आणि फोर-व्हीलचा लिव्हर गुंतलेला नाही ना, हेही बघा. डांबरी रस्त्यावर त्यानेच स्टिअरिंग ताठ होतं.

डिझेल इंजिनच्या जीपला तेलाचं पॉवर स्टिअरिंग शोभतं. इंजिनला जोर आहे, बॉनेटखाली जागा आहे, आणि महिंद्राच्याच पुढच्या पॉवर स्टिअरिंगवाल्या गाड्यांचे बॉक्स, पंप आणि ब्रॅकेट मिळतात. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरमुळे या भागातल्या मिस्त्रींना तेलाच्या दाबाची कामं नवी नाहीत, हीसुद्धा मोठी सोय आहे.

जपायच्या जागा दोन. पहिली चासीची: पॉवर बॉक्स मूळ बॉक्सपेक्षा खूप जास्त जोराने फ्रेमला ढकलतो, आणि बॉक्स धरणाऱ्या बोल्टांच्या भोवती फ्रेमला चिरा जातात. म्हणून आतून नळी आणि बाहेरून प्लेट देऊन ती जागा भक्कम करायची. दुसरी दांड्याच्या कोनाची: बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा शक्य तितका आडवा राहिला पाहिजे. तो तिरका झाला की खड्ड्यात पाटा दबताच स्टिअरिंग आपोआप वळतं, आणि कच्च्या रस्त्यावर ते धोक्याचं आहे.

तेल भरल्यावर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत बऱ्याचदा फिरवायचं, म्हणजे हवा निघून जाते. मग इंजिन चालू करायचं. पंप कण्हत असेल तर आत अजून हवा आहे.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचलं. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारावं आणि विमा कंपनीलाही कळवावं. 2021 पासून व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आहेत. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली, चासी, बॉडी शेल आणि इंजिनमध्ये मोठा बदल नसलेली खाजगी गाडी त्यात बसते. 1974 ची पद्मिनी आता या वयाची झाली. पण या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल अशाच कामांसाठी काढता येते. तिची वाट धरणाऱ्याने चासीला कापाकापी मुळीच करू नये. काढलेला मूळ कॉलम, बॉक्स आणि बोल्ट तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवावेत.

रस्त्यावर काढण्याआधी

पहिली फेरी मोकळ्या मैदानात, हळू. चाक पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना टायर, पाइप किंवा तार कुठे घासते का ते दुसऱ्या माणसाने खाली बसून बघायचं. मग तीसच्या वेगाने वळण घ्यायचं आणि चाकावरची पकड सैल करायची. चाक आपोआप सरळ व्हायला हवं. होत नसेल तर मदत जास्त झाली आहे, किंवा कुठला तरी सांधा आवळला गेला आहे. त्यानंतर विजेच्या मोटरचा फ्यूज काढून, जीप असेल तर पंपाचा पट्टा उतरवून, तेवढ्याच वेगाने एक फेरी मारायची, म्हणजे मदत अचानक गेली तर हाताला काय येईल हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला आधीच कळतं. पाचशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा पान्याने तपासायचे, आणि जीपच्या फ्रेमवर वेल्डिंगच्या कडेला चीर नाही ना, हे टॉर्च लावून बघायचं.